टाचेची झीज

“ही नाल टाचेला लागाय लागलीया,” असं म्हणत जयपालनं बूट माझ्या मांडीवर टाकला.

मी एका चपलेला वेणी घालत बसलो होतो. आरी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं. “लागती? माझी नाल?”

“व्हय. टाचेत कळ येती. दोन रविवार झालं.”

“बावीस जणांच्या पायात माझी नाल हाय, जयपाल. एकाची तक्रार न्हाई.”

“तक्रार कुठं कराय लागलोय, मर्दा? बघ म्हणालो निस्तं. रविवारी शेवटची शर्यत हाय, तेवढ्यापुरतं बरं कर.”

चौऱ्याऐंशी सालचा डिसेंबर होता, गुरुवारचा दिवस. तेव्हा कोल्हापुरात पागेच्या मैदानावर मातीतल्या मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या. आता तिथं घरं झालीत, त्यामुळं पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. अंड्याच्या आकाराचं मातीचं रिंगण, चार गाड्या, चार फेऱ्या. गाडीला ब्रेक नाही, काढूनच टाकायचे. आणि वळण फक्त डावीकडं. वळणावर गाडी आडवी घालायची, डावा पाय खाली सोडायचा आणि त्या पायावर मातीतनं घसरत जायचं. साधा बूट असला तर तळ एका फेरीत फाटतो, नाहीतर मातीत अडकून पाय मोडतो. म्हणून डाव्या बुटाला खालनं लोखंडी तळ ठोकायचा. त्याला सगळे नाल म्हणायचे, आणि गावात ती नाल ठोकणारा मी एकटा. सिद्राम व्हटकर. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणायचा, लोहाराकडनं तापवून घ्यायचा, आणि ज्याच्या त्याच्या पायाच्या लाकडी फरम्यावर ठोकून बसवायचा. माझ्या भिंतीवर बावीस फरमे टांगलेले होते, सगळे डाव्या पायाचे. बघणाऱ्याला हसू यायचं, मला मात्र त्याचा लई अभिमान.

अभिमान फरम्यांचा तर होताच, पण खरा अभिमान वेगळा होता. मी झीज वाचायचो. शर्यतीनंतर नाला दुरुस्तीला आल्या की उलट्या करून बघायचो आणि कोण कसा चालवतो ते सांगायचो. ज्याचं मन गाडीत आहे, त्याची नाल अंगठ्याच्या बाजूनं झिजते, कारण त्याचा पाय नुसता टेकलेला असतो, भार सगळा गाडीवर. भ्यालेला माणूस मात्र पायावर बसतो. टाच रोवतो. ब्रेक नाही ना, मग टाचच ब्रेक. नवीन पोरांच्या नाला कायम टाचेकडनं झिजून यायच्या. मी म्हणायचो, अजून दोन महिने थांब, भ्या जाईल. आणि तसंच व्हायचं. एकदाही चुकलो नव्हतो, म्हणून तर डोक्यात हवा गेली.

जयपाल मगदूमची नाल मी सहा वर्षं वाचत होतो. गुळाच्या अडतीच्या दुकानात दिवसभर पांढरा सदरा घालून बसणारा माणूस, बोलायला मऊ. पण रिंगणात उतरला की वाघ. पाच वर्षं सलग ढाल त्याच्याच घरात. नाल अंगठ्याकडनं अशी सारखी झिजायची की वाटावं कानशीनं घासलीय.

त्या गुरुवारी मी बूट उलटा केला आणि टाचेला झीज.

थोडीथोडकी नाही. टाचेकडचा कोपरा चकचकीत, पातळ झालेला. अंगठ्याकडं लोखंड अजून काळंच.

“काय रं?” जयपालनं विचारलं. “काय दिसालंय?”

“काय न्हाई. रिवेट ढिली झालीया.”

“मग कळ त्यानंच येत असंल.”

“असंल,” मी म्हणालो.

माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. वाटलं, हा भ्याला. बत्तीस वर्षांचा झाला, दोन पोरं झाली, बायकोला शब्द दिलाय की ही शेवटची शर्यत, आणि आता जीव प्यारा झालाय. टाचेत कळ येती म्हणे! स्वतःचं भ्या माझ्या नालेवर ढकलतोय. मला त्याचा राग आला. रिवेट ठोकली, बूट परत दिला, फरम्यावर चढवूनसुद्धा बघितला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला नाव ठेवलं होतं, आणि मी त्याचा बूट नीट बघायचा सोडून त्याच्यावरच रुसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आमची आई म्हणायची ते खोटं नाही, सिद्रामाला खाल्लेलं पचतं, बोलायचं पचत नाही.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर इंगवले मास्तर भेटले. शाळेत भूगोल शिकवायचे आणि शर्यतीच्या दिवशी लाऊडस्पीकरवर बोलायचे. आवाज असा की आख्खं मैदान हसायचं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “काय व्हटकर, रविवारी कोण? मगदूमच ना?”

“अन्वर शिकलगार,” मी म्हणालो.

“ते कालचं पोरगं? चोवीस वर्षांचं? मगदूमाच्या पुढं?”

“मास्तर, तुम्ही गाडी बघता. मी नाल बघतो.”

“म्हणजे?”

मी उगाच चहा फुंकत बसलो. त्यांनी आणखी एकदा विचारावं असं वाटत होतं. त्यांनी विचारलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. “जयपाल टाचेवर आलाय. आज नाल बघितली. टाचेला ही एवढी झीज. भ्यालाय तो.”

“मगदूम भ्यालाय?”

“मी आजपातूर चुकलोय का कधी?”

“न्हाई बुवा, ते खरं.” मास्तरांनी मान हलवली. “आयला! मगदूम टाचेवर!”

“कुठं बोलू नका म्हंजे झालं.”

“खुळं हाय का काय? गळ्याची शपथ.”

मास्तर वाईट माणूस नव्हता. बोलक्या माणसानं बोलक्या माणसाच्या शपथेवर विसंबू नये, एवढंच.

रविवारी दुपारी तीनला मैदान भरलं होतं. पाण्याचा टँकर रिंगणावरनं फिरून गेला होता, धूळ बसावी म्हणून. मी कायम कुंपणाच्या आत बसायचो, पोतं घेऊन, त्यात हातोडी, रिवेटा, चामड्याचे पट्टे. ऐन वेळी कुणाचा पट्टा तुटला तर जोडायला.

पद्मावहिनी, म्हणजे जयपालची बायको, कुंपणापाशी आली. ती शर्यतीला कधी यायची नाही. त्या दिवशी आली होती. डोक्यावर पदर, हातात डबा.

“सिद्रामभाऊ, बूट बघितला न्हवं त्यांचा?”

“बघितला की वहिनी.”

“टाच दुखती म्हणत होते. रात्री मी हळद लावली. मी म्हणाले, नका जाऊ आता, पाच ढाली पुरे झाल्या. तर म्हणाले, जिंकून सोडलं तर सोडलं, न्हाईतर पळाला म्हणतील.” ती थोडी हसली. “ही एक शर्यत पार पडू दे. उद्यापासनं गाडी विकायला काढायचीय. बूट नीट टिकंल न्हवं?”

“टिकंल की,” मी म्हणालो. आणि खरंच सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मास्तरांना गाठावं, पुन्हा एकदा बजावावं. पण मास्तर वर मचाणावर जाऊन बसले होते, माइक हातात घेऊन.

चार गाड्या रेषेवर आल्या. मास्तरांनी नावं घ्यायला सुरुवात केली. कोल्हापूरचा हा, सांगलीचा तो. अन्वरचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मग म्हणाले, “आणि हे आपले पाच वर्षांचे ढालकरी, जयपाल मगदूम! पण मंडळी, यंदा जरा सांभाळून हं. आमच्या आतल्या गोटातली बातमी हाय. वाघ यंदा टाचेवर चालतोय म्हणे!”

निम्म्या लोकांना काही कळलं नाही. पण गाड्यांच्या नादातली सगळी पोरं खालीच, कुंपणाला चिकटून उभी होती, आणि टाचेवर म्हणजे काय ते त्यांना मीच शिकवलेलं होतं. एक जण ओरडला, “टाच!” मग दुसरा. मग कुंपणाच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत, “टाच! टाच! टाच!” कोल्हापूरची माणसं, चेष्टा करायची म्हणजे पोटभर करतात. त्यात कुणाचा राग नव्हता. त्याचीच माणसं होती सगळी.

जयपालनं गाडी स्टँडला लावली आणि माझ्याकडं चालत आला. लंगडत होता, थोडासा. हेल्मेट काढलेलं नव्हतं, नुसते डोळे दिसत होते.

“तू बोललास?”

मी वर मचाणाकडं बघितलं.

“सिद्रामा, तू बोललास का?”

“जयपाल, ते मास्तर...”

“मी भ्यालो? मी?” त्याचा आवाज मऊच होता, कायम असायचा तसा. “मला सांगायचं हुतंस की. माझ्या तोंडावर सांगायचं.”

तो खाली बसला, पट्टे सोडले, डावा बूट पायातनं ओढून काढला आणि माझ्या पोत्यावर टाकला. शेजारी उभ्या असलेल्या एका पोराला म्हणाला, “तुझा बूट दे रं.” त्यानं दिला. रबरी तळाचा, कॅनव्हासचा. जयपालनं तो घातला.

“खुळा झालास का काय?” मी ओरडलो. “नालेबिगर? पाय टेकलास तर मोडून हातात येईल!”

“टेकणारच न्हाई. बघ तू. पाय वर ठेवून चार फेऱ्या मारून दाखवतो. मग सांग लोकांना, कोण भ्यालाय ते.”

“जयपाल, अरं पाया पडतो...”

तो गेला. पद्मावहिनी कुंपणापाशी उभी होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. मला हात करून विचारत होती, काय झालं? मी झेंडेवाल्याकडं पळत सुटलो. ओरडत होतो, थांबवा, त्याच्या पायात नाल नाही. चार गाड्यांच्या आवाजात माझं कोण ऐकतो? मी पोचायच्या आत झेंडा पडला.

पहिल्या दोन फेऱ्या मी आयुष्यात विसरणार नाही. असं गाडी चालवणं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. दोन्ही पाय वर, गाडी वळणावर आडवी, नुसत्या अंगाच्या तोलावर. सगळ्यांच्या पुढं होता, अन्वरच्या दोन गाड्या पुढं. टाच टाच म्हणणारी पोरं गप झाली, मग त्याचंच नाव घेऊन ओरडायला लागली. मास्तर माइकवर उभे राहून किंचाळत होते. मीसुद्धा ओरडलो. एक क्षण मला वाटलं, झालं, हा जिंकणार, उद्या माझ्या दुकानात येऊन मला दोन शिव्या देणार आणि मी आनंदानं खाणार.

तिसऱ्या फेरीला टाकीकडच्या वळणावर टँकरचं पाणी जरा जास्त पडलं होतं. गाडीचं मागचं चाक निसटलं. एवढंसंच. नाल असती तर नुसता पाय टेकवून सावरला असता, शंभर वेळा सावरलं होतं त्यानं तसं. सहा वर्षांची सवय, पाय आपोआप खाली आला. रबराचा तळ चिखलात रुतला आणि तो गाडीवरनं फेकला गेला, आडवा, वळणाच्या मधोमध.

अन्वर मागं होता. पुढचा पडला की आपली गाडी पाडायची, एवढा एकच धर्म त्या खेळात होता. ब्रेक नसतात, दुसरं करणार काय? अन्वरनं पाडली. मी बघितलं, त्यानं क्षणाचाही विचार केला नाही, गाडी आडवी फेकली आणि स्वतः मातीत लोळला. पण गाडी घसरत गेली ती जयपालच्या डाव्या पायावर.

पाय गुडघ्यापासनं काढावा लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात अन्वर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. “अण्णा, मी पाडली हुती गाडी. पाडली हुती न्हवं?” मी म्हणालो, “पाडलीस बाबा. तुझी काय चूक न्हाई.” इंगवले मास्तर कोपऱ्यात बसले होते, त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. माझ्याशी मात्र सगळे बोलत होते. व्हटकरला आधीच कळलं होतं म्हणे. व्हटकरनं नाल बघूनच सांगितलं होतं, हा भ्यालाय, पडणार.

तीन-चार दिवसांनी मी दुकान उघडलं. पोतं तसंच पडलं होतं, त्यात जयपालचा बूट. हंगाम संपला की बुटात फरमा घालून ठेवायचा, आकार जात नाही, ही माझी कायमची रीत. कशासाठी आता, असं मनात आलं, तरी हात गेलाच. जयपालचा फरमा भिंतीवरनं काढला आणि बुटात घातला.

बसेना.

टोक गेलं, टाच गेली, पण मध्ये पोकळ. बूट जमिनीवर ठेवला तर डुगडुगायला लागला. मी म्हणालो, लाकूड फुगलं असेल. तासून बघावं म्हणून उठलो आणि तिथंच उभा राहिलो. ही नाल मी दिवाळीच्या गर्दीत केली होती, जयपालनं ती जुनी झिजल्यावर दोन रविवारांपूर्वीच पायात चढवली होती. आठ बूट एका आठवड्यात. जयपालचं माप सात, अन्वरचंही सातच. फरम्यांवरची चुन्यानं लिहिलेली नावं हाताळून हाताळून पुसट झाली होती, ती मी नुसत्या अंदाजानं ओळखायचो. बावीस फरमे माझ्या ओळखीचे, नाव कशाला बघायचं?

मी अन्वरचा फरमा काढला आणि जयपालच्या बुटात घातला. अलगद बसला.

अन्वरचा पाय सपाट. जयपालच्या तळव्याला चांगली कमान. सपाट पायावर ठोकलेली नाल कमानीच्या पायाखाली घातली, तर टाचेकडं ज्वारीच्या दाण्याएवढी खाली राहते. मग पाय कसाही टेकवा, आधी टाचच लागणार. शूर असो का भित्रा असो, झीज टाचेलाच येणार. आणि कळही टाचेतच येणार.

तो मला सांगत होता. माझ्या मांडीवर बूट टाकून, सरळ मराठीत सांगत होता, टाचेला लागतंय म्हणून. दुपारी लोहाराकडं जाऊन ती नाल भट्टीत टाकली, तो विचारत होता कशाला रे, तर म्हणालो, सडली.

चैत्रात जयपाल दुकानात आला. कुबड्या घेऊन, पद्मावहिनी बरोबर. वाळला होता. मी पुढं होऊन त्याला धरून बाकावर बसवलं. वाटलं होतं, शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत चार महिने झोपलो नव्हतो. सगळं सांगायचं असं ठरवलंही होतं, वाक्यं पाठ केली होती.

“एकाच पायाची चप्पल करशील का?” त्यानं विचारलं. “दुसरी टाकून द्यायची म्हंजे जिवावर येतं.”

“करतो की. पाय ठेव.”

मी कागदावर माप घेत होतो, मान खाली. वरनं त्याचा आवाज आला.

“सिद्रामा, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“दवाखान्यात पडल्या पडल्या मी एकच गोष्ट उगाळत बसलो. मला भ्या वाटल्याचं आठवतच न्हाई. लई आठवून बघितलं. एकदाबी न्हाई. पण माणसाला स्वतःचं कळत न्हाई म्हणतात. तुला कळलं होतं. इतकी वर्षं तू कधी चुकला न्हाईस. मी भ्यालो होतो का रे?”

पेन्सिल माझ्या हातात होती. पद्मावहिनी माझ्याकडं बघत होती, आणि भिंतीवर फरमे होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर त्याचा पाय आला नसता, पण तो जो होता तो त्याचा त्याला परत मिळाला असता. आणि मी? त्या गावात मला पुन्हा कुणी चप्पलसुद्धा सांधायला दिली नसती. हा हिशोब मी एका क्षणात केला. माझी मला लाज वाटते, पण केला.

“थोडासा,” मी म्हणालो. “समद्यांनाच वाटतं, जयपाल.”

त्यानं बराच वेळ मान हलवली. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. निस्ता बसून डोकं फिरायची पाळी आली होती.” पद्मावहिनीनं पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर तो पंचवीस वर्षं जगला. जुन्या शर्यतवाल्यांचा गावानं एकदा सत्कार केला, दोन हजार आठ साली. सगळे म्हातारे झालेले, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाला ऐकू येत नव्हतं. जयपालला शाल दिली आणि बोलायला माइक दिला. तो कुबडीवर उभा राहून हसत म्हणाला, “लोक मला वाघ म्हणतात. पोरांनो, तुम्हाला खरं सांगतो. मी शेवटी शेवटी भ्यालो होतो, म्हणून पडलो. मला स्वतःला कळलं नव्हतं. हे आमचे सिद्राम व्हटकर पुढं बसलेत, त्यांना विचारा. लोखंड बघून माणूस ओळखणारा कारागीर पुन्हा व्हायचा न्हाई.”

सगळा हॉल माझ्याकडं वळला आणि टाळ्या वाजवायला लागला. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना हात जोडले.